स्टॅनीचे दोन पिस्टन

निर्मळच्या स्टॅनीने केळीच्या वाडीत पडलेली जुनी डर्ट बाइक पुन्हा बांधायला घेतली आणि त्याची झोप उडाली. स्वतः चालवायचा तेव्हा तो गोखिवऱ्याच्या कारखान्यातला स्वस्त लोकल पिस्टन टाकून बेधडक उड्या मारायचा. आता बाइकवर लेक एलिसा बसणार होती. म्हणून त्याने कंपनीचा ओरिजिनल पिस्टनही आणला, पण ठरवता येईना. शेवटी दोन्ही एका पिशवीत घालून फादरांपुढे धरले. फादरांनी पिशवीवर पवित्र पाणी शिंपडलं.

"आता कुठला बसवणार?" बायको पॉलिनने विचारलं.

"तेच तर! आशीर्वाद दोघांनाही मिळाला."

"फादरांनाही कामाला लावलंस, आणि आहेस तिथेच!"

एलिसा हसली. "डॅडी, लोकलच टाका. तुम्हाला कुठे काय झालं?"

स्टॅनीने पिशवीत हात घातला. उडी मारताना त्याच लोकल पिस्टनने इंजिन जाम होऊन तो अळूच्या वाफ्यात उताणा पडला होता, हे त्याने घरात कधी सांगितलंच नव्हतं. त्याने ओरिजिनलचा डबा फोडला आणि तोच बसवला.

पहिली फेरी त्यानेच मारली, इंजिनाच्या प्रत्येक आवाजाला कान देत.

"डॅडी, भाजीवाल्याची सायकल पुढे गेली!" एलिसा ओरडली.

"जाऊ दे तिला," स्टॅनी म्हणाला, आणि त्याने वेग आणखी कमी केला.