रायफल की बारा बोअर

अबूधाबीच्या शिकार-प्रदर्शनात माझा मुलगा रायफल हातात घेऊन म्हणाला, "ममा, सो लाइट!" बंदुकीच्या तेलाचा वास आला आणि मी रत्नागिरीतल्या त्या दुकानात पोचले. अकरा वर्षांची, अब्बांना चिकटून उभी.

रानडुकरांनी आमचं भात उकरून टाकलं होतं. शेतीसाठी बंदुकीचा परवाना मिळाला, तेव्हा अब्बा मला घेऊन शहरात आले. दुकानदाराने एक रायफल आणि एक बारा बोअरची बंदूक समोर ठेवली. अब्बांचा हात रायफलवरून हलेना.

"हिची गोळी लांब जाते, बारा बोअरचे छर्रे जवळच पडतात," दुकानदार म्हणाला.

आमच्या शेतापलीकडे पायवाट होती. अम्मी रोज पहाटे तिथूनच मासळी आणायला बंदरावर जायची. मी अब्बांची बाही ओढली.

"अब्बा, नेम चुकला तर ती गोळी कुठे थांबेल?"

अब्बांनी रायफल खाली ठेवली, बारा बोअर घेतली आणि घरी येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावलेत, असं मला वाटलं. घरात शिरताच ते अम्मीवर ओरडले, "उद्यापासून पहाटे त्या वाटेने जायचं नाही!"

मुलाने रायफल खांद्याला लावली तेव्हा मला कळलं, अब्बांचा तो आवाज रागाचा नव्हता. ते घाबरले होते.