साठ ते पंच्याऐंशी

“जमिनीखाली काय चाललंय ते मला वरून कळतं,” असं प्यो मान-बोक लग्नाच्या बोलण्यांतच म्हणाला होता. ओक-बुनला तेव्हाच हसू आलं होतं. पुढं सगळा जन्म त्यानं गुमसानच्या डोंगरउतारावर, काळ्या जाळीच्या सावलीत जिन्सेंगची औषधी मुळं वाढवली. सहा वर्षांचं पीक. लावायचं, गवत काढायचं आणि अंधारात काही वाढतंय असं समजून चालायचं.

यंदा नवं शेत लावायचं होतं आणि नेमका त्याला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. किरणोपचार ठरले. मान-बोक हटून बसला: रोग परत येणार नाही याचा पक्का आकडा डॉक्टरबाईंनी दिला तरच रोपं घेणार, नाहीतर जमीन शेजाऱ्याला. ओक-बुनला रोगाची धास्ती होतीच. शेत नसलेल्या मान-बोकची त्याहून जास्त होती.

एमआरआयच्या सकाळी तिनंच त्याला मायेनं भाजलेली रताळी खाऊ घातली. आतड्यात वायू भरला, चित्रात प्रोस्टेटची कड वाकडी झाली आणि रोग न परतण्याचा संगणकाचा अंदाज आला शंभरात चाळीस ते नव्वद. चित्र पुन्हा काढावं लागलं. किरणांसाठी पाणी पिऊन, लघवी दाबून बाकावर बसलेले म्हातारे त्याला रताळेसाहेब म्हणू लागले. हसवू नकोस रे, असं कळवळून सांगणाऱ्यांनाच तो जास्त हसवायचा.

आज डॉक्टरबाई सन यांनी नवा अंदाज सांगितला. पाच वर्षं रोग परत न येण्याची शक्यता शंभरात साठ ते पंच्याऐंशी.

“मधला आकडा धरू?” मान-बोकनं विचारलं.

“धरू नका, काका. संगणकानं तुम्हाला पाहिलेलं नाही. तुमच्यासारखी चित्रं असलेली माणसं पाहिलीत, तीही थोडी, बरीचशी दुसऱ्या यंत्रांवरची. एकच आकडा दिला तर ती माझी थाप होईल.”

एवढं मोठं यंत्र आणि एक आकडा सांगता येत नाही, असं तो पुटपुटला. आता मात्र ओक-बुनला राहवेना.

“अहो, ओल्या कोपऱ्यातली चार मुळं उपटलीत आणि अख्खं शेत कुजलं म्हणून व्यापाऱ्याला देऊन टाकलंत. त्यानं मनगटाएवढी मुळं काढली तिथून. या बाईंना निदान एवढं तरी ठाऊक आहे, की त्यांनी चारच मुळं उपटून पाहिलीत.”

डॉक्टर मास्कआड हसल्या. मान-बोकचे कान लाल झाले. लावलेल्या रोपांतली किती जगतात, असं डॉक्टरांनी सहज विचारलं.

“वर्षावर असतं. कधी निम्मी, कधी जवळजवळ सगळी...”

“आणि तरी लावता?”

त्यानं मान वळवून पाहिलं. खिडकीबाहेर ऊन वर आलं होतं. रोपांचा बाजार आजच होता, आणि दुपारी बाजार संपायचा. मान-बोकनं टोपी चढवली, डॉक्टरांना वाकून नमस्कार केला आणि बायकोपुढं हात पसरला. ओक-बुननं पिशवीतून टेम्पोची किल्ली काढून त्यावर ठेवली. किल्ली मुठीत घट्ट धरून तो झपाझप बाहेर पडला.