भाचीला मी पास केलं त्याची गोष्ट

नकला करणाऱ्यानं लिहिलंय म्हटल्यावर तुम्ही हसायच्या तयारीत बसला असाल. राहू द्या. ह्यात निम्मा वेळ आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसलोय.

भाची चार वर्षांची. सारखी सर्दी, टीव्ही मोठ्ठा लावणार, मागून हाक मारली तर ढिम्म. ताईला शंका आलेली. मीच म्हणायचो, "ऐकू येत न्हाई तर माझ्या नकलांना हसती कशी?" कंडक्टर, सरपंच, आमचे पीटीचे सर, सगळ्यांना खदाखदा हसायची. ताई माझं ऐकायची, दवाखाना पुढं ढकलायची. असे सहा महिने गेले.

शेवटी अंगणवाडीतल्या बाईंनी टोकलं, तेव्हा आमच्या वडिवळ्याहून लोणावळ्याच्या दवाखान्यात खेपा सुरू झाल्या. ही तिसरी. पहिल्या खेपेला मशीन बंद, दुसऱ्या खेपेला पोरीला ताप. ताई इतकी दमलेली, बाकावरच डोळे मिटून बसली. म्हणून आत मी गेलो.

तपासणीच्या मॅडमनी भाचीच्या हातात रिंगा दिल्या. स्पीकरमधून बारीक शिट्टी वाजली की एक रिंग खुंटीवर घालायची. मला समोर बसवून म्हणाल्या, "मामा, हलायचं नाही."

शिट्टी वाजली. पोरगी रिंग धरून तशीच. माझ्याकडं बघायला लागली, रडवेली. पुढची शिट्टी वाजली आणि मी भुवई उडवली. तिनं रिंग घातली. मग काय, शिट्टी, भुवई, रिंग. होऊ दे एकदाची पास, घरी तरी जाऊ.

मॅडम "छान, छान" म्हणत होत्या. मग त्यांनी दुसरं मशीन कानाला लावलं. कागदावर रेघ सपाट.

"कानाच्या पडद्यामागं पाणी भरलंय हिच्या. मग एवढी बारीक शिट्टी ऐकू आली कशी?"

माझी भुवई अजून वरच होती.

मला बाहेर काढून पुन्हा शिट्ट्या वाजवल्या. दाराच्या काचेतून दिसत होतं, रिंगा हातातच. तेव्हा कळलं, ती नकला ऐकतच नव्हती. माझं थोबाड बघून हसत होती.

आता तीन महिने वाट बघायची, मग परत तपासणी. पाणी नाही गेलं तर ऑपरेशन करून पडद्यात बारीक नळी बसवायची. म्हणजे अजून खेपा.

मॅडमनी ताईला सगळं सांगितलं. ताई बाकावरून उठलीसुद्धा नाही.

"सहा महिनं तुझं ऐकलं म्या. आन हितं येऊनबी तेच? तिच्या जागी शाळंत तू बसनार हाईस का? उचल तिला. आन त्वांड सरळ ठिव, ती बगतीय."