आतल्या घरांच्या दारात

भूकंपानंतरची ती वर्षं आठवली की मला आधी पत्रे आठवतात. दगडी छताखाली बसायची लोकांनी धास्तीच घेतली होती, म्हणून आमच्या लातूरच्या शाळेतला माझा वर्गही पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. शिकायला ज्यांना जास्त वेळ लागतो, ती मुलं माझ्या वाट्याला. दुपारी पत्रा तापला की सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसायचं. दारातल्या कडुनिंबाची सावली हळूहळू आत सरकायची आणि फरशीवर येऊन बसायची.

शेजारी ट्यूशनचे क्लास नुकतेच जोरात सुरू झाले होते. गावोगावच्या मुली डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहत. दोन बॅचच्या मधे जायला जागा नसे, मग त्या आमच्या सावलीला येत. मी म्हटलं, सावली फुकट मिळायची नाही, खेळायला बसा. फरशीवर खडूनं अष्टाचंग्याचा पट आखला. चिंचोके फोडून दान टाकायला घेतले, फुटक्या बांगड्यांच्या सोंगट्या केल्या.

माझ्या वर्गातली एक मुलगी रोज सगळ्यांच्या आधी पटापाशी बसे. भूकंपाच्या गावाकडची, मोजकं, अडखळत बोलणारी. चिंचोके पडले की ती आधी फरशीवर तळवा टेकवून बघायची, जमीन जागेवर आहे ना. मग दान मोजायची. क्लासच्या मुलींनी तिला मायेनं कच्चा लिंबू करून टाकलं. म्हणजे खेळात असायचं, पण तिची सोंगटी कुणी मारायची नाही आणि तिला कुठला नियमही नाही. मला त्या मायेचा रागच यायचा. जिला कुणी मारतच नाही, ती डावात असते का?

आमच्याकडे अष्टाचंग्यात कुणाची तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाता येत नाही. एका दुपारी तिची सोंगटी त्या वळणाशी पोचली.

"जा की आत," मुदखेडची एक मुलगी म्हणाली. ही त्यांच्यातली सगळ्यात हुशार. खेळतानाही मांडीवर पुस्तक उघडं. "तुला चालतंय."

माझ्या वर्गातल्या मुलीनं सोंगटीवरचं बोट उचललं नाही. "मी कुणाची मारली न्हाई. आत जात न्हाई."

"अगं, तू कच्चा लिंबू हायस."

"न्हाई. मी खेळायलेय."

मुदखेडच्या मुलीनं पुस्तक मिटलं. "मग तुझी बी मारीन बरं का."

"मार."

चिंचोके पडले. तीन. तीन घरं मोजून मुदखेडच्या मुलीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि त्या वळणावरची सोंगटी उचलून बाहेर ठेवली.

माझ्या वर्गातली ती मुलगी भोकाड पसरून रडली. बाकीच्या मुदखेडवालीवर डोळे वटारू लागल्या. मी जवळ घ्यायला वाकले, तर तिनं माझा हात बाजूला सारला. नाक पुसलं, सोंगटी परत आपल्या घरात नेऊन ठेवली आणि चिंचोके समोरच्या मुलीपुढं सरकवले.

"मारली म्हंजे तुला आणखी एक दान हाय. टाक लवकर. मग मी."

मला इतका आनंद झाला की मी उगाच खडू शोधत बसले.

पलीकडे बॅच सुरू झाल्याची हाक आली. मुली भराभर उठल्या. मुदखेडची ती हुशार मुलगी मात्र जागची हलली नाही. तिला आपली सोंगटी वाचवायची होती.