मामांच्या गुडघ्याला टेकलेला मृदंग

गावोगाव भजनाचे कार्यक्रम करणारी पोरं मला हमखास विचारतात, रोजच्या वापराला खर्जासाठी कोणतं वाद्य भरवशाचं? मी सरळ सांगतो. मातीचा डग्गा गोड बोलतो, पण बैलगाडीच्या एका धक्क्यात त्याचं खापर होतं. तांब्याचा टिकतो, पण त्याचा घुमारा मला कधी पुरला नाही. मृदंग घ्या. जड आहे, रुसका आहे, बसण्याआधी त्याच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, नाहीतर तो घुमत नाही. तरी मृदंगच घ्या. पोरं म्हणतात, म्हातारा हट्टी आहे. असेन.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली आणि मंडळाची गाणी बदलली. अभंग गेले, बुद्धाची गाणी आली. गाणारे माझे मामा तेच राहिले, मृदंगही तोच राहिला आणि तो वाजवणारा मीही. आमच्या पेटीवाल्याच्या डोळ्यांत तो मृदंग खुपायचा.

"दुनिया बदलून राह्यली अन् आपण हे खोडच घेऊन फिरतो," तो म्हणायचा. "तबला-डग्गा आनू ना, मामा."

"लाकडाले कोनता धरम असते बे?" मामा हसून उडवून लावायचे.

ते हसायचे आणि मला घाम फुटायचा. मामांचे कान जात चालले होते. पेटी त्यांना ऐकू येत नव्हती, झांजही नाही; बोलणं ते ओठांवरून ओळखत. गळ्यात मुरलेला सूर ढळत नसे, पण तालासाठी त्यांना मृदंग लागायचा. गाताना ते माझ्या डाव्या अंगाला बसत आणि गुडघा मृदंगाच्या लाकडाला टेकवत. डाव्या तोंडाचा घुमारा हाडातून शिरायचा, त्याच्या आधारानं ते गात. मामी गेल्यापासून गाण्याखेरीज त्यांना दुसरं काही उरलं नव्हतं. "कोनाले सांगू नोको, बापू," एवढंच ते मला बोलले होते. मी कुणाला सांगितलं नाही.

त्या थंडीत अल्लीपूरच्या वस्तीनं आम्हाला दुपारच्या कार्यक्रमाला बोलावलं. घरात रोजची भाकर ज्वारीची, गहू सणासुदीपुरता. तरी मृदंगाच्या वाटणीचा गहू आई गाडग्यात वेगळा ठेवायची. तिनं कणीक मळून ओल्या फडक्यात बांधून दिली. वाटेत एका विहिरीवर आम्ही बैल सोडले. हातपाय धुऊन परत येतो तो पांढऱ्या बैलाच्या तोंडात फडक्याचं टोक लोंबत होतं. आमचा खर्ज त्यानं मजेत खाऊन टाकला होता. सगळे पोट धरून हसले. मला त्या बैलाला बदडावंसं वाटलं.

अल्लीपुरात पोचलो तर माणसं सतरंज्यांवर बसून वाट बघत होती. मी समोरच्या घरात शिरून कणीक मागितली. घरधनिणीनं डबे हलवून पाहिले.

"गहू तं नाई, भाऊ. जवारीचं पीठ हाय. चालते का?"

चालत नाही. ज्वारीला चिकटपणा नसतो. पण तिनं उकळतं पाणी टाकून पीठ मळलं, मऊ केलं, आणि मी मुकाट्यानं तो गोळा मृदंगाला थापला. पेटीवाल्याला म्हटलं, थोडं थांबू, कुठून गहू मिळतो का बघतो. तो म्हणाला, "लोकं कव्हाचे बसून हायेत. चाल."

पहिलं गाणं पार पडलं. दुसऱ्यात गोळ्याच्या कडेला चीर पडलेली दिसली. मी डावा हात हलका केला, तसा घुमारा उतरला आणि मामांचा गुडघा लाकडावर जास्तच रेटू लागला. हात जोरात मारावा तर पीठ सुटणार, हलका ठेवावा तर मामा सुटणार. समोर डोक्याला डोकं लागलेलं. आणि अंतऱ्याच्या मध्यावर तो गोळा सुटून आम्ही बसलो होतो त्या लाकडी तखतपोसावर पडला.

मामांचे डोळे मिटलेले होते. ते अर्धा ताल पुढं गेले, चाचपडले, आणखी पुढं गेले. समोरच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी पेटीवाल्याकडे पाहिलं. आता हा हसणार, असंच मला वाटलं.

त्यानं भात्यावरचा हात काढला. पेटी बंद पडली. तो हात त्यानं मामांच्या पाठीवर सपाट ठेवला आणि ताल धरला. झांजवाल्यानं झांज खाली ठेवून टाचेनं तखतपोस ठोकायला सुरुवात केली. मागे बसून साथीला गाणारे दोघंही ठोकू लागले. मामांनी डोळे उघडले, एकेकाकडे पाहिलं. आवाज थरथरला, पण तालावर आला. गाणं त्यांनी शेवटपर्यंत नेलं.

परतीच्या गाडीत मामांनी माझ्याकडे पाहिलं. "तू सांगतलं यायले?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"कोनी कायले सांगन?" पेटीवाला बैलांकडे बघतच म्हणाला. "इतके वर्स संग बसतो. आमाले सारं माईत हाय."

"मंग डग्गा डग्गा काऊन करत होता?" मी चिडून विचारलं.

"मामा चिडून तरी एकडाव सोताच्या तोंडानं सांगतीन म्हणून."

मामा त्याच्या ओठांकडे बघत होते. इतकी वर्षं असं काही निसटलं की ते हसून मान डोलवायचे. या वेळी हसले नाहीत.

"मले आयकू नाई आलं," सगळ्यांसमोर ते म्हणाले. "आयकू येतच नाई आता. जोरानं सांग."

पेटीवाला सरकून त्यांच्या कानाशी आला आणि सगळं पहिल्यापासून ओरडून सांगायला लागला.