संहितेखालचं नाव

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. बाबा जामसंड्याच्या एका छापखान्यात कामाला होते. छापखाना सुटला की मोर्चे, उपोषणं, बैठका. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवरून. बाबांचा एक नियम होता, तो मला बाराखडीबरोबरच मिळाला: पत्रक खालून वाचायचं. मजकूर नंतर, आधी खाली नाव कोणाचं ते बघायचं. "नाव नसलेलो कागद नि तोंड बांदलेलो माणूस, दोगांवर इस्वास ठेवू नको गो," ते म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या पत्रकांखाली बहुतेक वेळा 'समस्त ग्रामस्थ' असायचं. मला ते दोन शब्द फार आवडायचे. एकट्याचं नाव असलं तर त्याला उचलून नेता येतं. समस्तांना कोण नेणार?

मी लिहायला लागले तेव्हा साहजिकच पत्रकंच लिहिली. त्यातलं एक आमच्या मिठबावच्या सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या कातळ पठारावरच्या, नेपाळी लोकांबद्दल होतं. सड्यावर मैलोन्‌मैल हापूसच्या बागा. प्रत्येक बागेत चिऱ्याची एक खोपी, म्हणजे मांगर, आणि मांगरात राखणीला एक नेपाळी कुटुंब. फवारणी त्यांची, काढणी त्यांची, पेट्या भरणं त्यांचं. त्यांची मुलं आमच्या शाळेत, आमच्यासारखं मालवणी बोलतात. तरी गावाला त्या सगळ्यांसाठी एकच नाव ठाऊक: गुरखो. मी रागाने पानभर लिहिलं, छापलं, बाजारात वाटलं. आठवड्याने त्याच कागदात बांधलेली सुकट घरी आली.

बुवांना हसू आवरेना. हे बुवा पूर्वी दशावतारी कंपनीत पायपेटी वाजवायचे, आता गावात भजनं शिकवतात. "पत्रक वाचणत नाय गो लोक. नाटक बघतत. नाटक कर."

म्हणून आम्ही नाटक केलं. सड्यावरच्या मांगरांचं, गाण्याबजावण्याचं, बुवांच्या पद्धतीने. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. पडद्यामागे कथा सांगतात, कोणी कधी यायचं ते ठरतं, आणि पुढे ज्याने त्याने आपल्या तोंडाने बोलायचं. मी वही घेऊन गेले तर बुवांनी ती पेटीखाली घालून तिच्यावर पाय ठेवला. आंब्याच्या पॅकिंग शेडमध्ये दुपारच्या तालमी व्हायच्या. आम्ही गावातले सहा जण आणि सड्यावरची दिदी.

दिदी बारा वर्षं एकाच बागेत होती. मला ती बैनी म्हणायची, त्यांच्यात धाकट्या बहिणीला म्हणतात तसं. नाटकात तिचा एक प्रवेश होता. हंगाम संपलाय, सगळे गाठोडी बांधून गावाकडे निघालेत, पावसाळाभर बाग राखायला एकाला मागे राहायचंय. ती पेंढ्यावर बसते आणि बोलते. बुवा सूर देईपर्यंत बोलते. मग तिच्याकडची एक ओळ, आमची झांज, आणि सगळं गाव ती नेपाळी ओळ भजनासारखी म्हणू लागतं.

दर प्रयोगाला ती वेगळं बोलायची. मिठबावात मांगराच्या छपरावर बसलेल्या बिबट्याची गोष्ट सांगितली, लोक हसून लोळले. देवगडात मालकीणबाईने तिला बांगड्याचं तिखलं रांधायला शिकवलं ते सांगितलं. आणि जामसंड्यात, काहीच न ठरवता, तिने आपल्या आईबद्दल सांगितलं. आई गेली तेव्हा ती घरी का गेली नाही, त्याचं खरं कारण. तिच्या भावाला तिने दुसरंच सांगितलं होतं. ते कारण मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. त्या दिवशी बुवा सूर द्यायला विसरले, एवढंच सांगते.

त्या प्रयोगाला मुंबईचे एक दिग्दर्शक बसले होते. दुसऱ्या दिवशी ते आमच्या पडवीत. "याचा सिनेमा व्हायलाच हवा. मला संहिता पाठवा."

"संहिता नाहीये."

"मग लिहा ना. तुम्ही लेखिका आहात."

लेखिका म्हणून मला कोणी पहिल्यांदाच हाक मारत होतं. मी दहा दिवस दार लावून बसले. जामसंड्याचा प्रयोग माझ्या फोनमध्ये होता. दिदीचा प्रवेश मी थांबवत, मागे नेत, शब्दन्‌शब्द उतरवला. तिचं अडखळणं काढलं, वाक्यं सरळ केली. मला ते फार चांगलं जमलं आणि जमल्याचा आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. सड्यावर जाऊन तिला विचारावं, हे सुचलंच नाही. काढणी जोरात होती, ती कामात असेल, असंही कारण नव्हतं. खरंच सुचलं नाही.

शेवटच्या पानावर माझं नाव घातलं. बाबांनी कागद हातात घेतले आणि सवयीने शेवटचं पान आधी काढलं.

"दिदीचा बोलणा तिनाच बोललेला मा?"

"बाबा, कागदावर कोणीतरी उतरवायला लागतंच."

"उतरवलंस ता बरा केलंस," ते म्हणाले आणि कागद टेबलावर ठेवून आंघोळीला गेले.

करारात एक कलम होतं: हे सर्व लेखन माझं स्वतःचं असून त्यावर दुसऱ्या कोणाचाही हक्क नाही. न वाचता सही केली असं म्हणायची सोय मला नाही. मी वाचलं होतं.

चित्रीकरण शिरोड्याला झालं. सड्यावरून समुद्र दिसत नाही, आणि दिग्दर्शकांना मागे समुद्र हवा होता. सुरूच्या बनात नवे मांगर उभे केले, चिरे रंगवून जुने केले. गर्दीत बसायला सड्यावरची माणसं बोलावली, त्यांत दिदीही. मी दोन गाड्या बदलून पोचले तेव्हा ती पेंढ्यावर मागच्या रांगेत बसली होती. पुढे नटी तिचं बोलत होती. पुन्हा. आणि पुन्हा.

जेवणाच्या सुट्टीत दिदी ताट घेऊन माझ्याजवळ आली. आधी हसली. "ह्या बायेक दुसरा काय येणाच नाय? सकाळपासून ताच ताच बोलता."

मीही हसले.

मग तिने विचारलं, "माझ्या आईचा तिका कोणी सांगल्यान?"

"मी लिहिलं, दिदी."

"मी जामसंड्यात सांगललंय. थंय जे होते तेंका." भाताचा घास तिने तसाच ताटात ठेवला. "आमच्या गावात पण फोनार पिक्चर बघतत, बैनी. माझो भाव बघतलो."

त्यानंतर माझ्या पायाला स्वस्थता राहिली नाही. त्याच दुपारी दिग्दर्शकांना गाठलं. ते वाईट माणूस नव्हते, हेच अवघड होतं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अहो, हा प्रवेश काढला तर सिनेमात उरतं काय? आणि लिहिलाय तुम्हीच. सही आहे तुमची." मी पत्रं लिहिली, फोन केले, मुंबईला जाऊन त्यांच्या कचेरीच्या जिन्यात बसले. सगळीकडे मला माझीच सही दाखवली गेली. घरी आले की अंगणात फेऱ्या घालायची. शेवटी मला येतं तेच केलं: पत्रक लिहिलं. माझ्याविरुद्ध. खाली फक्त माझं नाव. छापायच्या आधी सड्यावर जाऊन दिदीला वाचून दाखवलं. या वेळी सुचलं.

ती पेंढा झोडत होती. शेवटपर्यंत ऐकलं.

"ह्याच्यात पण माझी आई आसा."

"खरं काय झालं ते लोकांना कळायला नको?"

"लोकांका कशाक?" तिने पेंढा खाली टाकला. "लिवलंस तेवढा पुरे. आता लिवू नको."

पत्रक मी तिथेच फाडलं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं, तर नुसती उभी राहिले. तेव्हा ती म्हणाली, "बस हंय," आणि कमरेचा फोन काढून तिने भावाला लावला. सिनेमातून कळायच्या आधी तिला स्वतः त्याला सांगायचं होतं. मला नेपाळी येत नाही. आमा म्हणजे आई, हा शब्द तेवढा कळत होता, तो पुन्हा पुन्हा येत होता. मग ती बराच वेळ नुसतीच ऐकत होती. मग फोन कानापासून दूर धरून बघितला. पलीकडून ठेवला होता.

सिनेमा आमच्या शाळेच्या सभागृहात दाखवला, खिडक्यांना चादरी लावून, रविवारी सकाळी. प्रवेश होता. नटीने चांगलं केलं होतं, लोक रडले. शेवटी नावं वर सरकू लागली. लेखन: मी. अगदी तळाला आभार: समस्त ग्रामस्थ, मिठबाव. बारा वर्षांत गावाने दिदीला कधी ग्रामस्थ म्हटलं नाही, आणि जिथे तिचं स्वतःचं नाव यायला हवं होतं नेमकं तिथे म्हटलं. बाबा पडदा पांढरा होईपर्यंत बसून होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दिदी आता नाटक सोडेल असं मी धरून चालले होते. पण पुढच्या प्रयोगाला ती आली. तिने एकच अट घातली. तिच्या प्रवेशाआधी बुवांनी पेटी थांबवली आणि बाबा आंब्याचा रिकामा क्रेट घेऊन लोकांत फिरले. ज्याने त्याने फोन त्यात टाकायचा.

"माझो परत कसो गावतलो? सगळे काळेच आसत!" कोणीतरी ओरडलं.

"नाय गावलो तर दुसऱ्याचो घे," बाबा म्हणाले. "टाक आधी."

कुरकुरत, हसत लोकांनी टाकले. क्रेट माझ्यापुढे आला तेव्हा बाबा थांबले. मी फोन टाकला. खिशातलं पेनही टाकलं.

भावाचा फोन तिला अजून आलेला नाही. ही सगळी हकीकत लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, पेंढ्यावरचं माझं बोलणं सोडून बाकीचं लिही.

दिदी पेंढ्यावर बसली. पदर सारखा केला आणि बोलायला लागली. त्या दिवशी ती काय बोलली, ते तिथे जे होते त्यांना माहीत आहे.