कण्यातलं इंजेक्शन

कट्टा बाजारातला आमचा शिंपी माप घेताना गिऱ्हाइकावर हमखास ओरडायचा, "मेल्या, परत जाडो झालंस!" मग हळूहळू त्याच्याच हातांतली ताकद जाऊ लागली. त्याचे वडील आणि भाऊ याच आजाराने गेले होते. दोष जनुकातच होता. मुंबईत त्यावरच्या जनुकीय उपचाराची पहिली चाचणी सुरू झाली, तसा तो कण्यात इंजेक्शन घ्यायला जाऊ लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, सध्या औषध सोसतं का एवढंच बघायचंय, गुण येईलच असं नाही.

"मग कित्याक जातंस रे?" मी विचारलं.

शिलाई मशीनवर बसलेल्या आपल्या मुलीकडे बघत तो हळू म्हणाला, "चेडवाक ह्या झाला, तर तेव्हा औषद तयार असूक व्हया."

परवा त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. मुलीने ती लावून दिली आणि तो मुंबईच्या गाडीत चढला.